धुऊन ठेवलेला ओढा

मित्रांनो, मी पूल नाही. पुलाला कमानी लागतात, उद्घाटन लागते, नाव लागते आणि पुढेमागे चौकशीही लागते. माझ्या नशिबी यातले काही नाही. मी एक साधा लाकडी साकव आहे. ओढ्यावर आडवे टाकलेले दोन ओंडके, मधोमध आधाराला पाण्यात रोवलेले दोन खांब, वर फळ्या आणि एका बाजूला कठडा, एवढाच माझा संसार. दुसऱ्या बाजूचा कठडा पुढच्या वर्षी बसवायचे ठरले होते. ते पुढचे वर्ष अजून आलेले नाही. आजवर माझ्यावरून जे कोणी पाण्यात पडले, ते त्याच बाजूने पडले. यावरून कठडा किती उपयोगी असतो हे सिद्ध होते, असे लोक म्हणतात आणि पुन्हा त्याच बाजूने पडतात.

माझा जन्म बदकांमुळे झाला. ओढ्याकाठी एक सुतार राहत असे. त्याच्या थोरल्या मुलाचे लग्न झाले, तेव्हा नवी सून बरोबर बदकांची एक जोडी घेऊन आली. बदके सकाळी या काठावरून पाण्यात उतरत आणि संध्याकाळी हटकून पलीकडच्या काठावर निघत. मग सूनबाई चपला हातात घेऊन, कमरेएवढ्या पाण्यातून त्यांना आणायला जात. सासऱ्यांनी आठवडाभर हे पाहिले. मग त्यांनी ओंडके आणले, तासले, जोडले आणि मी उभा राहिलो. पहिल्यांदा ते स्वतः माझ्या मधोमध येऊन उड्या मारून गेले. "धरतोय," म्हणाले. आयुष्यात माझी झालेली ही सर्वांत मोठी स्तुती. सूनबाईंना त्यांचे धाकटे दीर 'वहिनी' म्हणत, म्हणून पुढे साऱ्या खोऱ्याने त्यांना वहिनीच म्हटले. मीही तेच म्हणतो.

तेव्हाचा ओढा कसा होता, हे सांगितले तर तुम्हाला मी बढाया मारतो असे वाटेल. सासऱ्यांच्या हातून एक खिळा पाण्यात पडला होता, तो कित्येक दिवस तळाशी पडलेला स्वच्छ दिसत असे. दगड उचलला की खाली चिमुकले किडे पळापळ करत. मासे माझ्या खांबांना तोंडे घासत. मला गुदगुल्या होत. वर टेकडीवर दाट झाडी होती, तिच्या खाली गवताळ उतार, मग शेते, मग सुताराचे घर, आणि त्याच्यापाशी मी. टेकडीवर पडलेला पाऊस गवतातून गाळून, सावकाश, जणू विचार करत माझ्यापर्यंत येई. पाण्याला वास नव्हता. म्हणून त्याच्याबद्दल कोणी बोलतही नसे. पुढे मला कळले, की ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही ते नीट चाललेले असते. आणि बोलायला लागतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

या खोऱ्यात एक जुनी शिस्त होती. प्रत्येकाने आपल्या घराच्या वरच्या अंगाला पाणी भरायचे आणि खालच्या अंगाला सोडायचे. मुले चालायला लागली की त्यांना पहिले हेच शिकवत. शिस्त सोपी होती आणि सगळे ती कसोशीने पाळत. प्रत्येकाच्या घरात येणारे पाणी स्वच्छ, म्हणून प्रत्येकाचे मनही स्वच्छ. आता वरच्याचे खालचे अंग म्हणजेच खालच्याचे वरचे अंग, एवढी गोष्ट मात्र कोणी मुलांना शिकवली नाही. कदाचित मोठ्यांनाच ती कोणी सांगितली नसावी.

मग बदल व्हायला लागले. एकदम नाही. एकदम झाले असते तर कोणीतरी ओरडले असते.

पहिल्यांदा टेकडीवरची झाडी गेली. लाकडाचा ठेकेदार आला, करवती आल्या, आणि पुढच्या पावसात टेकडीची माती खाली उतरून माझ्या पायाशी येऊन बसली. माझे खांब गुडघ्यापर्यंत गाळात गेले. तो खिळा कुठे गेला, ते विचारू नका. मग गवताळ उतार बागवाल्याने घेतला. त्याने वरून खाली सरळ रेषेत झाडे लावली. सरळ रेषा दिसायला सुरेख असते आणि पाण्याला घसरगुंडी म्हणून सोयीची पडते. बागवाला माणूस मेहनती. फवारणी झाली की औषधाचे ड्रम तो ओढ्यात खंगाळून स्वच्छ करी. बागेतली कीड मेली की नाही ते मला दिसत नाही. माझ्याखालची मात्र सगळी मेली. खताचे पाणी उतरले तसे शेवाळे माजले. उन्हाळ्यात ओढ्यावर हिरवी गोधडी पसरू लागली. ती कुजली की सकाळी मासे पोट वर करून माझ्याखाली जमू लागले. त्यानंतर टेकडीच्या माथ्यावर बंगले आले. शहरातले निवृत्त लोक स्वच्छ हवा खायला तिथे राहायला आले. हवा ते वर खात. बाकी सगळे खाली येई.

आणि भाऊजी होतेच.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वडिलांच्या मागे दोघा भावांनी घरे वेगळी केली. थोरल्यांचे घर खाली, माझ्याजवळ. धाकट्यांचे जरा वर. थोरले लवकर गेले. मुलगा शिकून शहरात नोकरीला लागला, वहिनी बदकांपाशी राहिल्या. भाऊजींनी चार गाई घेतल्या. त्या चारींना नावे होती. मग गाई वाढल्या, गोठा वाढला, आणि एक दिवस भाऊजींनी गाईंना नावे ठेवणे बंद करून कानात नंबर अडकवले. गोठा ते दिवसातून दोनदा धूत. गोठ्यातून निघालेला चर सरळ ओढ्याला मिळे. कुठे? अर्थातच भाऊजींच्या खालच्या अंगाला. म्हणजे माझ्या चार पावले वर.

दोघांचे भांडण रोज सकाळी माझ्यावर उभे राहून चाले. ते भांडण नसून चहाइतकीच रोजची गरज होती.

"भाऊजी, आज काय खाऊ घातलंत हो गाईंना? पाणी पिवळंधमक आलंय!"

"गाई खातात तेच खातात, वहिनी. तुमची बदकंच नखरेल झालीत."

"बदकं नखरेल? सकाळी पांढरं बदक आत सोडते, संध्याकाळी बाहेर निघतं ते मला ओळखू येत नाही!"

"मग परदेशी जात आहे म्हणून सांगा की लोकांना."

"तुमचे दात दिसतात, भाऊजी. इकडे माझी बदकं जातात."

खरोखरच जात होती. उन्हाळ्यात पाणी साचले, तापले, तळाशी कुजले, की बदकांना एक विचित्र आजार होई. आधी पाय लुळे पडत. मग मानेतली ताकद जाई. बदक डोळे उघडे ठेवून बसलेले असे, पण मान उचलता येत नसे. ती हळूहळू पाण्यात बुडे.

वहिनींचा सगळा जीव त्या बदकांत का, हेही सांगतो. मुलगा दर भेटीत त्यांना शहरात न्यायला टपलेला असे. चांगला मुलगा होता. त्याच्यावर राग धरण्यासारखे काही सापडले असते, तर वहिनींना बरेच सोपे गेले असते.

"आई, एकटी काय करतेस इथे? माझ्याकडे चौथा मजला आहे, पण लिफ्ट आहे."

"लिफ्टमध्ये बदक घेतात का?"

"आई, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. हे बघ, माझी बदकं आहेत तोवर मी इथे. बदकं संपली की तू म्हणशील तिथे येते. वाद नको."

"शब्द?"

"शब्द."

हे बोलणे माझ्यावरच झाले. वहिनी एकदा शब्द देऊन बसल्या की फिरवत नसत, हे मुलालाही ठाऊक होते. तेव्हा त्यांच्याकडे पंधरा-वीस बदके असतील. त्यांना ती खूप वाटली.

म्हणून त्यांनी तक्रार केली. फोनला फक्त माझ्यावरच रेंज येते, त्यामुळे या खोऱ्यातली सगळी गुपिते मला पाठ आहेत. पाणी तपासणाऱ्या कचेरीला फोन लावून वहिनी मोठ्याने, जणू कचेरी पलीकडच्या काठावरच आहे अशा आवाजात म्हणाल्या, "ओढ्याचं पाणी खराब झालंय हो. बघायला या."

"कशामुळे खराब झालंय?"

वहिनींनी वर पाहिले. भाऊजी गोठ्याच्या दारात उभे राहून ऐकत होते.

"वरून काहीतरी येतं," वहिनी म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर भाऊजी खाली आले. "केलीत तक्रार? बरं केलंत. माझं नाव नाही ना घातलंत?"

"वेड लागलंय का, भाऊजी? घरातल्याचं नाव कुणी परक्याला सांगतं का?"

कचेरीने वेळ घेतला. मधल्या काळात दोन हिवाळे आले आणि बदके निम्मी झाली. मग एक दिवस फोन आला, की परवा मॅडम येतील, पाण्याचे नमुने घेतील.

मित्रांनो, त्यानंतरच्या दोन दिवसांत जे झाले, ते मी जन्मात विसरणार नाही. वहिनींनी आधी फोनकडे पाहिले, मग ओढ्याकडे, आणि त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला.

"भाऊजी!" त्यांनी हाक मारली. "अहो, बाहेरची बाई येणार, आणि हे असं? काय म्हणेल ती? कसली माणसं राहतात इथे!"

आणि वहिनींनी ओढा आवरायला घेतला.

काठावरचा कचरा झाडला. शेवाळे जाळीने ओढून पाटीत भरले आणि घरामागे नेऊन टाकले. फेस काढला. माझे खांब काथ्याने घासले. इतक्या वर्षांनी माझ्या अंगाला कोणाचा हात लागला. मग गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांनी दगड घासले. एकेक दगड उचलून, दोन्ही बाजूंनी, भांडी घासतात तसा. आदल्या दिवशी एक बदक मेले होते. ते मॅडमना दाखवायचे म्हणून वहिनींनी बर्फाच्या डब्यात घालून ठेवले होते. तेही त्यांनी बाहेर काढले, थोडा वेळ हातात धरून उभ्या राहिल्या आणि परसात नेऊन पुरले. पाहुण्या बाईपुढे मेलेले बदक ठेवायचे, हे त्यांना कसेसेच वाटले.

भाऊजी कमी पडले नाहीत. "वहिनी, मी दोन दिवस गोठा धूतच नाही," ते म्हणाले. "आणि बोअरचं पाणी सोडतो चरात. जरा वाहतं दिसेल."

"सोडा, सोडा. आणि अंगावरचा तो शर्ट द्या इकडे. धुऊन इस्त्री करून देते. अशा अवतारात येऊ नका समोर."

बागवाल्याला कोणी काही सांगितले नव्हते. तरी त्याने ड्रम हलवले आणि झाडांच्या बुंध्यांना चुना फासला. चुन्याचा आणि पाण्याचा काय संबंध, हे त्यालाही सांगता आले नसते. पण कोणी साहेब येणार म्हटले की चुना फासावा, एवढे त्याला कळत होते. बंगल्यांवरची मंडळी नेमकी त्या आठवड्यात नातवंडांना भेटायला शहरात गेली होती. अशा प्रकारे सारे जुळून आले.

लक्षात घ्या, यांपैकी कोणाच्याही मनात फसवायचे नव्हते. फसवायचे असते तर कोणाला तरी पकडता आले असते.

मॅडम आल्या त्या पायी, खांद्याला बाटल्यांची पेटी लावून. मध्यम वयाच्या, बुटांना रस्ताभराची धूळ, चेहऱ्यावर दिवसाच्या तिसऱ्या-चौथ्या ओढ्याचा थकवा. माझ्यावर पाय ठेवण्याआधी त्यांनी विचारले, "धरेल ना हा?"

"धरेल की," भाऊजी अभिमानाने म्हणाले. "आमच्या वडिलांच्या हातचा आहे."

मॅडम कामाला पक्क्या होत्या. पाण्यात उतरून, प्रवाहाकडे तोंड करून, एकेक बाटली पाण्याखाली धरून त्यांनी भरली, बंद केली आणि बर्फात ठेवली. एक कांडी पाण्यात बुडवून तिच्यावरचे आकडे टिपले. मग त्या वाकल्या आणि त्यांनी एक दगड उचलून उलटा केला. दुसरा केला. तिसरा केला.

"काहीच नाही," त्या स्वतःशी म्हणाल्या. "साधी अळीसुद्धा नाही."

"अळी?" वहिनी खुलल्या. "अळी कशी असेल हो! मी स्वतः घासलेत."

मॅडम सावकाश उभ्या राहिल्या. "दगड घासलेत?"

"दोन्ही बाजूंनी."

"काकू, दगडाखाली किडे असले तर पाणी चांगलं असतं."

वहिनींना ही शहरी माणसांची नम्रता वाटली. आपल्याला बरे वाटावे म्हणून पाहुणे काहीही बोलतात. "पुढच्या वेळी आणखी नीट घासू," त्या म्हणाल्या.

मॅडमनी चराकडे पाहिले. चरातून बोअरचे पाणी काचेसारखे येत होते. त्यांनी गोठ्याकडे पाहिले. गोठ्याचे दार बंद होते, आणि दारामागे दोन दिवसांचे काय साचले असेल हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या नाकाला ठाऊक होते. मग त्या वहिनींकडे वळल्या.

"तक्रार तुमचीच आहे ना, काकू?"

"हो."

"मग मला एकच सांगा. हे पाणी रोज असं असतं?"

वहिनींनी तोंड उघडले. मला वाटले, आता त्या बोलणार. रोज सकाळी इथेच उभ्या राहून ज्या आवाजात त्या बोलत, त्याच आवाजात पिवळे पाणी, फेस, लुळ्या माना, सगळे सांगणार. समोर भाऊजी चहाचा ट्रे धरून उभे होते. इस्त्रीच्या शर्टात ते थेट थोरल्या भावासारखे दिसत होते.

"असंच असतं," वहिनी म्हणाल्या. "पावसात जरा गढूळ होतं, एवढंच."

"नक्की? विचार करून सांगा. पुन्हा येणं माझ्या हातात नसतं."

"नक्की. चहा घ्या ना, गार होईल."

मॅडमनी चहा घेतला. काठाची स्वच्छता पाहून छान वाटले, असे त्या म्हणाल्या. ते खोटे नव्हते. मग त्या पेटी उचलून निघून गेल्या. त्या वळणाआड होईपर्यंत वहिनी आणि भाऊजी माझ्यावर उभे राहून हात हलवत होते.

"बाई बरी होती," वहिनी म्हणाल्या.

"साधी होती. कसला ताठा नाही."

"कुणाला नाव ठेवायला जागा नाही राहिली, भाऊजी."

"नाहीच राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी गोठा धुतला. तीन दिवसांचा एकदम. फेस माझ्या फळ्यांपर्यंत चढला.

अहवाल आला तेव्हा भाऊजींनी तो माझ्यावर उभे राहून मोठ्याने वाचला. "'सदर ठिकाणच्या पाण्याचा दर्जा समाधानकारक असून काठाची स्वच्छता अनुकरणीय आहे.'"

"अनुकरणीय म्हणजे?"

"म्हणजे तुमचं बघून इतरांनी करावं, असं."

वहिनी दिवसभर खुशीत होत्या. मुलालाही फोन करून त्यांनी हे वाक्य ऐकवले. बदकांचे त्या दिवशी त्यांना आठवलेच नाही. मग ऊन वाढले, शेवाळ्याची गोधडी परत पसरली आणि एका सकाळी तीन बदके माना टाकून बसली. वहिनींनी पुन्हा कचेरीला फोन लावला.

"अहो, बदकं मरताहेत इथे. पाण्यात काहीतरी आहे."

"कुठला ओढा, आजी? थांबा... तुमचा अहवाल समाधानकारक आहे."

"तो त्या दिवसाचा आहे हो! रोज तसं नसतं."

"आजी, अहवाल कुठल्या तरी एका दिवसाचाच असतो. आणि इथे लिहिलंय, की तक्रारदाराच्या सांगण्यावरून पाणी रोज असंच असतं. तक्रारदार म्हणजे तुम्हीच ना?"

वहिनींनी फोन बंद केला.

समाधानकारक पाणी ही मोठी उपयोगी वस्तू असते. ते एकदा कागदावर आले की त्याच्या जोरावर पुष्कळ काही मागता येते. टेकडीवर आणखी बंगल्यांना परवानगी मिळाली, कारण खालच्या ओढ्यावर काही परिणाम दिसत नव्हता. बागवाल्याने उरलेला उतार घेतला. आणि भाऊजींना दुसरा गोठा बांधता आला.

ते वाईट माणूस नव्हते, हे पुन्हा सांगतो. ती बदके वाचावीत म्हणून त्यांनी जीव टाकला. बोअरचे पाणी घमेल्यांत भरून ते स्वतः वाहून आणत, वहिनींच्या अंगणात टपात ओतत, वर सावली करत. कमरेत उसण भरली तरी थांबले नाहीत.

"भाऊजी," एकदा वहिनींनी हळूच म्हटले, "तो चर जरा वळवून खड्ड्यात सोडता नाही का येणार?"

"आला असता, वहिनी. खड्ड्याला जागा होती की. आता तिथे नवा गोठा आलाय ना." ते खरोखर हळहळले. "आणखी चार घमेली आणू का?"

बदकांना टप नको होता. ती जन्मभर ओढ्यात उतरलेली. दार उघडे मिळाले की रांगेने माझ्याखाली येत, पाण्यात शिरत, चोची घालून तळ उपसत. वहिनी काठावरून ओरडत, टाळ्या वाजवत, खडे टाकत. त्यांना ते खेळ वाटे.

शेवटचे बदक जुने होते, मादी, एका पायाने लंगडणारी. एका दुपारी वहिनी तिला घेऊन माझ्यावर येऊन बसल्या, पाय खाली सोडून, कठडा नाही त्या बाजूला. बदकाचे डोळे उघडे होते. मान लुळी पडली होती. वहिनींनी ती मान तळहातावर उचलून धरली, पुढे पाहता यावे अशी. हात भरून आला की त्या हात बदलत. तसे करताना मान मध्ये एक क्षण खाली पडे, म्हणून पुढे पुढे त्यांनी हात बदलणेही सोडले. संध्याकाळ झाली. भाऊजी येऊन शेजारी उभे राहिले.

"गेलं असेल, वहिनी," शेवटी ते म्हणाले.

"कधीचंच गेलंय."

मुलगा गाडी घेऊन आला. त्याने आईला शब्दाची आठवण करून दिली नाही. तेवढा तो समजूतदार होता. वहिनींनी घर आवरले. फार काही नव्हतेच. निघताना भाऊजी माझ्यावर आडवे उभे राहिले. रडून रडून त्यांचे नाक लाल झाले होते.

"वहिनी, राहा की. मी नवी बदकं आणून देतो. उद्याच आणतो. दहा आणतो."

"आणाल हो, भाऊजी. पण कुठल्या पाण्यात सोडू?"

भाऊजींनी खाली पाहिले. मग वहिनींची पेटी उचलली आणि गाडीपर्यंत नेऊन दिली. परत येताना ते माझ्यावर जरा थांबले, डोळे पुसले, घड्याळ पाहिले. गोठा धुवायची वेळ झाली होती.

आता माझ्यावरून कोणी येत-जात नाही. वहिनींच्या घराकडे जाण्यासाठीच तर लोक माझ्यावरून येत. फोनलाही आता वर बंगल्यांपाशी चांगली रेंज मिळते. माझ्या फळ्या पोकळ झाल्या आहेत आणि खांब आतून भुसभुशीत. माणसाला दुःख झाले की रडता येते. लाकडाला फक्त कुजता येते. माझ्याखालून जे वाहते, त्याला ओढा म्हणायची पद्धत अजून आहे. कागदावर तो समाधानकारकच आहे, कारण त्यानंतर पाणी तपासायला कोणी आलेले नाही. तक्रारच नाही, तर येणार कशाला?

मित्रांनो, माझ्या वयाच्या वस्तूने शेवटी काहीतरी उपदेश करावा, अशी अपेक्षा असते. झाडे लावा, पाणी वाचवा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले पाठ आहे. माझे मागणे लहान आहे. तुमच्या ओढ्यावर, नदीवर, विहिरीवर कधी कोणी बाटल्या घेऊन आले, तर कृपा करून आवरू नका. जसे आहे तसे राहू द्या. लाज वाटेल, वाटू द्या. आणि हे पाणी रोज असेच असते का, असे त्यांनी विचारले, तर समोर आपले कोण उभे आहे ते न पाहता, आधी खरे ते सांगा. चहा मग द्या.

तुम्ही सांगाल, असे मला वाटत नाही. तुम्हीही चांगल्या घरातलीच मुले आहात.